चमडी तुमची, हड्डी आमची?

जून महिन्यात शाळा उघडल्या की आमच्या वर्गाच्या दारात पालक मुलाचा हात धरून उभे राहतात आणि एक ठरलेले वाक्य बोलतात, 'सर, चमडी तुम्हारी, हड्डी हमारी.' हे वाक्य आमच्या समाजात इतके मुरले आहे की ते बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. उलट शिक्षकाचा आपण केवढा मान राखला, या समाधानात तो मोटारसायकलला किक मारतो. त्यानंतर वर्षभर तो शाळेत दिसत नाही. दिसतो तो निकालाच्या दिवशी, आणि विचारतो, 'इतने कम मार्क कैसे आये?'

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक आहोत आणि आम्हाला हा मान नको आहे. या एका वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, मुलाला मारण्याची परवानगी. दुसरी, मुलाच्या शिक्षणातून आई-बापांनी काढून घेतलेले अंग. पहिली गोष्ट वाईट आहेच, पण दुसरी तिच्याहून वाईट आहे, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी माराचे बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी घातली आहे. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल भीती, धास्ती आणि चिंता यांपासून मुक्त असावे असे म्हटले आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्याबाहेर राहिल्या, हे खरे. पण संस्थेच्या शाळेतल्या मुलाच्या हातावर उठणारा वळ आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्या हातावर उठणारा वळ यांत काय फरक आहे? कोणी म्हणेल, कायदा सरकारचा, आमची रीत वेगळी. मग आपल्याच घरातले पाहा. हजरत अनस (रजि.) लहान वयात पैगंबरांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्या दहा वर्षांत पैगंबरांनी (स.) त्यांना कधी 'उफ्' देखील म्हटले नाही, हे खुद्द अनस यांनीच सांगून ठेवले आहे. चौदाव्या शतकातला इब्न खल्दून आपल्या 'मुकद्दिमा'त सांगतो की कडक मारझोडीत वाढलेले मूल आळशी होते, मार चुकवण्यासाठी खोटे बोलायला आणि लबाडी करायला शिकते आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो. स्वतःची राखण करण्याची हिंमतही ते गमावते. साडेसहाशे वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका विद्वानाने हे लिहिले, आणि आपण आजही वर्गाच्या दारात चमडी वाटत फिरतो!

आता दुसरी गोष्ट. 'आम्ही अडाणी माणसे, आम्हाला काय कळतंय, तुम्हीच बघा,' असे म्हणून पालक मोकळे होतात. थोडा हिशेब करू. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे असते. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. वर्षाचे एकूण तास होतात ८७६०. म्हणजे लहान मूल वर्षाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ आमच्या हाताखाली असते, तेही आणखी तीस-चाळीस मुलांबरोबर. बाकीचे तास कोणाच्या हातात आहेत? 'मास्तर पगार घेतात, मग आम्ही का बघायचे,' असे विचारणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा कागदावर मांडावा. आमचे काम तुम्ही करा असे आम्ही म्हणत नाही. पण तुमचे काम आम्हाला करता येण्यासारखे नाही.

मुसलमानांना शिक्षणच नको असते, हा आरोप आम्ही मानत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने तो खोडून काढला. शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी मुले जेमतेम ४ टक्के आहेत, हे त्याच अहवालाने दाखवले. पण त्याच अहवालात हेही आहे की ६ ते १४ वयोगटातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. सभा-संमेलनांत या आकड्यावर भाषणे खूप झाली. सरकारला दोष द्यायचा तो द्यावाच, आम्हीही देतो. पण मूल एका दिवसात गळत नाही. आधी ते वर्गात बोलायचे थांबते, मग वही आणायचे थांबते, मग सोमवारी यायचे थांबते. घरात कोणाचे लक्ष असेल तर पहिल्याच पायरीवर ते कळते. लक्ष नसेल तर दाखला काढायला येतात तेव्हा कळते.

आमच्या मुलाच्या डोक्यावर ओझे किती आहे, याची तरी पालकांना कल्पना आहे का? सकाळी मकतबमध्ये ते अरबी कायदा वाचते. शाळेत उर्दू. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी खरी, पण मकतबमधले नस्ख अक्षर वेगळे आणि उर्दूच्या पुस्तकातले नस्तालीक वेगळे. मग मराठीची 'सुलभभारती' आणि इंग्रजीचे पुस्तक डावीकडून उजवीकडे. सहा-सात वर्षांचे लेकरू एका दिवसात तीन लिप्यांत आणि दोन दिशांनी वाचते. दहावीनंतर विज्ञानाला गेले की 'ज़ियाई तालीफ़' म्हणून शिकलेली गोष्ट त्याला 'फोटोसिंथेसिस' म्हणून नव्याने ओळखावी लागते. एवढे करणारे मूल मंद कसे? त्याला शाबासकी द्यायला हवी. प्रत्यक्षात त्याला मिळते काय?

ईदच्या दिवशी मिळते ते सांगतो. घरी पाहुणे येतात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या चुलतभावाला उभे करून पोएम म्हणायला लावतात. सगळे 'माशाअल्लाह' म्हणतात. मग कोणीतरी उर्दू शाळेतल्या पोराकडे बघून म्हणते, 'ये? ये तो उर्दू में है.' झाले. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन ते पोर कोपऱ्यात सरकते. आम्ही वर्षभर वर्गात जे उभे करतो, ते चार शब्दांत खाली बसते. आणि हे बोलणारे मामू, खालू, बडे अब्बा पुष्कळदा उर्दूच्या शानीवर भाषण करणारेच असतात. ज्या शाळेत तुम्ही स्वतःच्या हाताने मूल घातले, त्या शाळेची घरात लाज बाळगत असाल, तर ती लाज मुलाच्या अंगावर जाते. माध्यम कोणते निवडावे यावर वाद करा, जरूर करा, पण दाखला घेण्यापूर्वी करा. घेतल्यानंतर मुलासमोर त्याची टिंगल करू नका.

घरच्या बोलीचेही तसेच. मूल 'मेरेकू नक्को' म्हणाले की घरात हसतात, वर्गात दटावतात, 'ये कैसी उर्दू?' अरे, ही दखनी आहे, शतकांची जुनी बोली आहे. तिच्यातला 'नक्को' मराठीच्या 'नको'पासून आला. 'मैंच जाता', 'वोच लाया' यातला 'च' मराठीचाच. म्हणजे ज्या पोराला आपण ना धड उर्दू ना धड मराठी म्हणून हिणवतो, त्याच्या तोंडात दोन्ही भाषांचे बी आधीच पडलेले आहे. कोकणात तर घरची बोलीच मराठीची सख्खी बहीण. असे असताना 'अपने कू मराठी नहीं आती' हे वाक्य आमच्या घरांत येते कुठून? भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, डेअरीवाल्याशी अम्मी फडाफडा मराठी बोलते आणि घरी येऊन मुलाला सांगते की मराठी अवघड आहे. मुलाने ते खरे मानले तर दोष मुलाचा नाही.

या अंकाच्या वाचकांना आम्ही इथे थेट विचारतो. तुमच्यापैकी अनेक जण मराठी शाळेत शिकले. मुले मात्र उर्दू शाळेत घातली. मग तुम्ही म्हणता, 'आम्हाला उर्दू वाचता येत नाही, अभ्यास कसा घ्यायचा?' आमचे उत्तर असे आहे की तुम्हाला उर्दू येत नाही हीच मुलाच्या दृष्टीने सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्याला तुमचा गुरू होऊ द्या. रोज रात्री दहा मिनिटे मुलाने अम्मीला अलिफ-बे शिकवावे, आज वर्गात वाचलेला धडा बोट ठेवून वाचून दाखवावा. नंतर दहा मिनिटे अम्मीने त्याला 'किशोर' मासिकातले एक पान मराठीतून वाचून दाखवावे. 'किशोर' बालभारती १९७१ पासून काढते. उर्दूत राष्ट्रीय उर्दू परिषदेचे 'बच्चों की दुनिया' आहे, डॉ. झाकीर हुसेन यांची 'अब्बू ख़ाँ की बकरी' आहे. जे मूल घरात शिकवते, ते वर्गात हात वर करते. हा अनुभव आम्हाला इतक्यांदा आला आहे की त्यासाठी कोणत्या पाहणीची वाट बघायची आम्हाला गरज वाटत नाही.

आणि ज्यांना कोणतीच लिपी येत नाही, त्यांचे काय? १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष हेच डॉ. झाकीर हुसेन होते. मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिक्षण, हा त्या समितीच्या योजनेचा गाभा होता. आमचे पालक फरशी बसवतात, कपडे शिवतात, लूम चालवतात, गॅरेज चालवतात. फरशी बसवणारा बाप खोलीचे क्षेत्रफळ तोंडी सांगतो आणि स्वतःला अडाणी म्हणवतो! त्याने रविवारी मुलाला टेप धरायला लावावी, बिलाचा हिशेब त्याच्याकडून करून घ्यावा. मुलाचे गणित सुधारेल आणि बापाच्या कामाची त्याला लाज वाटणार नाही. मात्र एक दिवस टेप धरणे वेगळे आणि हंगाम आला म्हणून महिनाभर शाळा बुडवून कामावर नेणे वेगळे. लग्नाच्या हंगामात आठ-आठ दिवस मूल गावाला नेणे हेही तसेच. त्या आठ दिवसांत भागाकार शिकवून झालेला असतो. परत आलेले मूल वर्गात मागच्या बाकावर बसते आणि मग तिथेच राहते.

ट्यूशन लावली की आपली जबाबदारी संपली, हा नवा गैरसमज. दिवसभर शाळा, संध्याकाळी ट्यूशन, आणि 'आज काय शिकलास?' हे विचारायला घरात कोणी नाही. अब्बा आखातात आहेत. आठवड्यातून फोन येतो, त्यात एकच प्रश्न, 'मार्क कितने आये?' अब्बांना आमची विनंती आहे की तो प्रश्न बदला. 'आज सरांना काय विचारलंस?' असे विचारा. मुलगी नववीत गेली की 'अब कितना पढ़ाना' ही कुजबुज बंद करा. ती ऐकते. ऐकल्यावर ती अभ्यास कशासाठी करील?

शेवटचे सांगणे शाळेच्या कारभाराबद्दल. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा म्हणतो. ही नावे अनेक ठिकाणी कागदावरच असतात. सह्या घरी पाठवून घेतल्या जातात. संस्थांच्या शाळांत पालक सभा होते, तिला मागच्या रांगेत दहा-बारा माता येतात, पुरुष गेटपर्यंत. शौचालयाला पाणी का नाही, गणिताचा शिक्षक दोन वर्षे का नाही, वर्गात छडी का दिसते, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. आमच्या तोंडावर विचारा. जो शिक्षक नीट शिकवतो त्याला या प्रश्नांचा त्रास होत नाही, आणि ज्याला होतो त्याला तो व्हायलाच हवा. आपले अब्बा-अम्मी सरांशी बसून बोलतात, हे जे मूल पाहते, त्याला शाळा परकी वाटत नाही.

लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडे आम्ही तास मागत नाही. रोजची वीस मिनिटे आणि वर्षातल्या चार पालक सभा, एवढेच मागतो. संमेलनाच्या व्यासपीठावर समाजाच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या लेखक मंडळींकडे तर आणखी कमी. आपल्या गावातल्या उर्दू शाळेच्या पुढच्या पालक सभेला एकदा येऊन पहिल्या रांगेत बसा. चमडी आणि हड्डी दोन्ही मुलाचीच आहेत. त्यांची वाटणी करण्याऐवजी त्याची वही उघडून बघा.