पदार्थ कमी करा, पानं नकोत

मंडळी, लेगॉसला राहायला आल्यापासून मावशीचा फोनवर एक प्रश्न हमखास असतो, "तिकडच्या लग्नात जेवायला असतं तरी काय गं?" मी उपाशी तर राहत नाही ना, एवढंच तिला खरं म्हणजे विचारायचं असतं. पण गेले दोन महिने आमच्या शेजारच्या घरी लग्नाच्या जेवणाची आखणी चाललीय आणि हिशेबाला पक्की म्हणून वही घेऊन मला तिथे बसवलंय. तेव्हा म्हटलं, या वेळी सविस्तरच लिहावं. नुसतं काय असतं ते नव्हे, काय असावं तेही. माझं मत आधीच सांगून टाकते: पैसे कमी पडत असतील तर पदार्थ कमी करा, पानं कमी करू नका.

आता "नायजेरियन लग्न" असं एकच काही नसतं, जसं "भारतीय लग्न" असं एक नसतं. इग्बो लोकांत मुलीच्या भावकीला, म्हणजे उमुन्नाला, मान असतो. काय काय आणायचं याची यादी मुलाकडच्यांच्या हातात पडते: याम, कोला नट, ताडी, बिअरचे खोके. मुलगी ताडीचा पेला घेऊन गर्दीतून आपल्या नवऱ्याला शोधते आणि त्याला पाजते, तेव्हा लग्न लागलं असं धरतात. उत्तरेकडच्या हौसा लग्नात दारू नाही, तिथे तुवो शिन्काफा म्हणजे मऊ भाताचे गोळे आणि सोबत रस्सा, शिवाय तांदळाचे मासा (नावावर जाऊ नका, आप्प्यांचे भाऊ आहेत ते). आमचे शेजारी योरुबा. त्यांच्यात आधी पारंपरिक सोहळा, त्यात मुलाकडून येणाऱ्या वस्तूंत मध, मीठ, साखर आणि बहुतेक वेळा चक्क 42 याम! याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला भला मोठा कंद. मग चर्चमधलं लग्न आणि त्यानंतर हॉलमधली मेजवानी. सगळा घोळ या मेजवानीचा.

मेजवानीत आधी येतात "स्मॉल चॉप्स". पफपफ म्हणजे मैद्याचे गोड गोळे, स्प्रिंग रोल आणि (मावशी, ऐक!) समोसा. त्याला इथे समोसाच म्हणतात. मग जोलोफ राइस, फ्राइड राइस, तळलेली पिकली केळी, चिकन किंवा मटण आणि मोईनमोईन. हे शेवटचं मला फार आवडतं. चवळी भिजवून, सालं काढून, मिरची-कांद्याबरोबर वाटून वाफवतात. मात्र आत अंडं किंवा मासा लपलेला असू शकतो, शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. जोलोफही बहुधा मांसाच्या पाण्यातच शिजतो, तेव्हा तिथेही विचारा. त्यानंतर "स्वॅलो", म्हणजे हाताने तोडून, रश्शात बुडवून गिळायचे गोळे: सुकवलेल्या यामच्या पिठाचा काळसर अमाला किंवा कुटलेला याम. शिवाय पानात बांधलेला ओफाडा भात, बोकडाचं झणझणीत आसून (आपलं "असून" नव्हे) आणि प्यायला झोबो, जे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे.

पण या सगळ्यांत राजा एकच, जोलोफ. लांब दाण्याचा उकडा तांदूळ, टोमॅटो, तातासे नावाची लाल मिरची, जाळ काढणारी रोडो मिरची, कांदा, थाइम, तमालपत्र आणि करी पावडर. नाव आलंय सेनेगलकडच्या जोलोफ राज्यावरून. तिथल्या मासे-भाताला 2021 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली तरी नायजेरियन माणूस आपलाच भात खरा म्हणणार. लग्नाचा जोलोफ घरच्या गॅसवर होत नाही. तो लाकडावर, मोठ्या पातेल्यात, तळाशी जरा लागू देऊन करतात. तो धुराचा वास नसला तर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण गाडीत बसल्यावर बोलतात!

आता मुद्द्यावर येते. घरात दोन पक्ष आहेत. मुलगी म्हणते, दीडशे माणसं, दारात प्रवेशपत्र, प्रत्येकाला खुर्ची, प्रत्येकाला नीट मांडलेली प्लेट. आई (इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना "मम्मी" म्हणते, त्या मला "माय सिस्टर" म्हणतात) म्हणतात, सहाशेच्या खाली येणं शक्य नाही. चर्चमधल्या बायका, बाजारातल्या भिशीच्या बायका, गावाकडून बसने येणारी नवऱ्याची भावकी. "ज्यांच्या पोरांच्या लग्नात मी जेवले, त्यांना दारात कार्ड विचारू?"

आणि त्यात आशो एबी. म्हणजे "घरचं कापड". यजमान एक कापड ठरवतात, पाहुणे ते पदरच्या पैशाने विकत घेतात, शिवतात आणि लग्नाला घालून येतात. ज्याने कापड घेतलं त्याचं पान त्यातच धरलेलं असतं. म्हणजे अर्धे "पाहुणे" हे खरं तर भागीदार असतात. प्रवेशपत्राच्या हिशेबात हे बसत नाही.

पण मुलीचंही खोटं नाही हो. मे 2023 मध्ये पेट्रोलचं अनुदान गेलं, जूनमध्ये नायरा मोकळा सोडला आणि तो घसरत गेला. जून 2024 मध्ये अन्नाची महागाई सरकारी आकड्यांतच वर्षाला 40 टक्क्यांच्या वर होती. त्या वर्षी 50 किलो तांदळाच्या पोत्याने 70 हजार नायरांचा आकडा ओलांडला. 2025 मध्ये भाव थोडे उतरले, पण जुन्या जागी काही गेले नाहीत. त्यात लेगॉसमध्ये नवीन घर घेताना निदान वर्षाचं भाडं एकरकमी मोजावं लागतं. मुलगी मला हळूच म्हणाली, "आंटी, लोक जेवून जातील आणि आम्ही राहणार कुठे?" या प्रश्नाला "परंपरा आहे" हे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून मी वहीत हिशेब मांडला. माणशी दीडशे ग्रॅम कच्चा तांदूळ धरला तर सहाशे माणसांना 90 किलो, म्हणजे दोन पोत्यांत काम भागतं. माणसं वाढल्याने भाताचा खर्च फारसा वाढत नाही. मोजून मिळतात ते मांसाचे तुकडे, आणि यादी फुगते ती मानासाठी ठेवलेल्या पदार्थांनी: टर्की फक्त पुढच्या टेबलांना, कॉन्टिनेंटलचा वेगळा कोपरा, कॉकटेलचा गाडा, पाच मजली केक, नाव-तारीख छापलेल्या भेटीच्या प्लॅस्टिकच्या वाट्या. पाव्हण्याचं पोट यातल्या कशानेच भरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी वर्षाचं भाडं बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. मग एक उत्तम जोलोफ, आलासे बाईंच्या हातचा. आलासे म्हणजे मेजवानीचा स्वयंपाक करणारी, आपले आचारी म्हणा ना. एक स्वॅलो, एक रस्सा, मोईनमोईन. मांसाचा तुकडा लहान चालेल, पण तोच सगळ्यांना. बस्स. बाकी सगळं गाळा.

आणि वाढायला सुरुवात मागच्या टेबलापासून करा. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मी इथल्या लग्नांत पाहिलंय, पुढच्या टेबलावर दुसरं ताट येतं तेव्हा मागचे लोक अजून पफपफवर असतात. पुढे बसलेला माणूस घरी जाऊनही जेवणार असतो. मागे बसलेली गावाकडची म्हातारी पहाटे चारला निघालेली असते. शिवाय ड्रायव्हर, वाजवणारे, फोटोवाले, दारावरचे पहारेकरी आणि भांडी घासणाऱ्या मुली यांची पानं यादीत पहिल्या ओळीत लिहा. ते कुठल्याच पाहुण्यांच्या यादीत नसतात आणि उपाशी राहिले तर तेच राहतात.

मागच्या दाराचंही बोलायला हवं. जेवण हॉलमध्ये येतं ते मोठमोठ्या कूलरमधून (नाव कूलर, पण भात गरम ठेवतात!). त्यातला एखादा कूलर कुणा नातेवाइकाच्या गाडीत परस्पर जातो, ही इथली जगजाहीर गोष्ट. मग "माणसं जास्त आली म्हणून जेवण संपलं" असा बोभाटा होतो. जास्तीच्या माणसांनी संपलेलं नसतं ते. तेव्हा कूलरपाशी एक खमकी आत्या उभी करा. घरी न्यायचे डबे द्यायला हरकत नाही, पण सगळ्यांची पानं झाल्यावर, दारात, सगळ्यांसमोर.

कुणी म्हणेल, लग्न दोघांचं, बोलावणंही त्यांच्या मर्जीचं. मान्य. ज्यांना खरंच वीस माणसांत लग्न करायचंय त्यांनी खुशाल करावं, मला त्यात काहीच कमी वाटत नाही. पण दीडशे निवडक लोकांना सात पदार्थ आणि बाकीच्यांना दारात नकार, याला साधेपणा म्हणू नये. तो थाटच आहे, फक्त कमी लोकांना दाखवलेला.

इथे एखाद्याच्या घरी काही वाईट झालं की धावून येतात ते याच मागच्या टेबलावरचे लोक. विमा नसतो, भिशी असते. मम्मींना तो हिशेब तोंडपाठ आहे, त्यासाठी त्यांना माझी वही लागत नाही.

सध्या आकडा चारशेवर आलाय आणि पदार्थ चौदावरून सहावर. केकवर भांडण चालू आहे. मी मुलीच्या बाजूने भाड्यावर आणि आईच्या बाजूने पातेल्यावर ठाम आहे, त्यामुळे दोघीही माझ्यावर थोड्या नाराज आहेत. असो. मावशी, उत्तर मिळालं ना? तुमच्याकडच्या लग्नांत यादीतून आधी काय कापलं जातं, पदार्थ की माणसं, तेही सांगा.