जाणाऱ्या टपालाची झडती

धुळ्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरबसल्या बिबड्या-पापडांचा व्यवसाय करतात. गिऱ्हाइकांना ई-मेलने दरपत्रक धाडलं, तर ‘विषाणू आढळला’ म्हणून परत! “येणारं टपाल तपासा, पण माझं जाणारं का अडवता? आणि माझी पत्रं वाचतं तरी कोण?” असा त्यांचा सवाल आहे. राग रास्तच आहे.

ताई, वाचत कोणी नाही. मेल सर्व्हर म्हणजे टपाल घेऊन पुढे धाडणारा संगणक. त्यावरचा प्रोग्राम पत्राला जोडलेली फाईल माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहतो, इतकंच. क्वचित निर्दोष फाईलवरही आळ येतो.

जाणारं का तपासायचं, हे जळगावकडच्या मैत्रिणींना सांगायला नको. रावेर-यावलकडे केळीवर हरण्या पडतो, तोही विषाणूच. बागेत शिरला की मावा तो झाडोझाड नेतो; मग झाड उपटून पुरण्यावाचून इलाज नाही. म्हणून टिश्यू कल्चरची रोपं प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वीच तपासतात.

४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ हा विषाणू फिलिपिन्समधून निघाला. प्रेमपत्र समजून फाईल उघडली, की संगणकातल्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तो आपल्याच नावाने जाई. ब्रिटिश पार्लमेंटलासुद्धा ई-मेल बंद करावं लागलं! शिवाय एका गिऱ्हाइकाकडून असं टपाल सुटलं, की इतर सर्व्हर त्या कंपनीलाच काळ्या यादीत घालतात आणि शेजारणीची साधी पत्रंही परत येऊ लागतात. तेव्हा ही तपासणी कंपनी पुष्कळशी स्वतःसाठीच करते.

पण अडवलेलं पत्र गुपचूप फेकून देणं मला मुळीच पटत नाही. बाहेरून येणाऱ्या विषाणूवर पाठवणाऱ्याचं नाव बहुधा खोटं असतं. त्याला कळवलं तर भलत्यालाच मनस्ताप. तुम्ही मात्र पासवर्ड देऊन टपाल दिलंत, तुम्ही कोण हे कंपनीला ठाऊक आहे. कोणती फाईल, कोणता विषाणू, हे तुम्हाला कळायलाच हवं. लेखी विचारा.

तोवर अँटीव्हायरस अद्ययावत करून सगळा संगणक तपासा, पेनड्राइव्हसुद्धा. ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. फाईलला पासवर्ड घालून पाठवण्याची युक्ती कोणी सुचवील, ती नको. आत पाहता येत नाही म्हणून असल्या फाइलीही पुष्कळदा अडवतात. ऑर्डरी खोळंबायला नकोत, तर भाव मोबाइलवरून पत्राच्या मजकुरातच लिहून पाठवा.