सूत कुणाचं जुळलं?

दोस्तहो, गुलाम देश आणि त्याचा धनी यांचे 'व्यापारी संबंध दृढ झाले' असं पुस्तकात आलं, की आधी विचारा : कुणाचे? कुणाशी?

१८९६ साली इंग्रज सरकारनं लँकेशायरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली. अन् तेवढाच कर इथल्या गिरणीच्या कापडावर! मुंबईचे मालक बोंबलले. रास्तच होतं. १९२५ ला तो कर थांबला. पुढे जपानचं स्वस्त कापड आलं आणि कालचे वैरी एका पाटावर बसले. १९३२ च्या ओटावा करारानं ब्रिटिश मालाला जकातीत सवलत दिली. १९३३ च्या ऑक्टोबरात गिरणीमालकांचे होमी मोदी लँकेशायरच्या क्लेअर-लीजशी करार करून मोकळे झाले. सूत जुळलं!

कामगाराच्या पदरात काय? पगारकपात. १९३४ च्या एप्रिलात तो संपावर उतरला.

आणि आपला बाप? तो गिरणीत होता, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात नव्हता. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ! १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा सवाल टाकला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना जाग आली.

बघा गंमत. सातासमुद्रापलीकडचा मालक मालकाला सोयरा वाटला. शेजारच्या खात्यातला कामगार कामगाराला अस्पृश्य वाटला. म्हणून त्यांचे करार झाले, आपले संप फुटले.

धन्याशी झालेली सोयरीक मोडायची, तर आधी धाग्यातला हा विटाळ जाळा.