धानखरेदी, निविदा आणि सॉफ्टवेअरची पद्धत

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले तेव्हा येथे १६ जिल्हे होते. २००७ मध्ये ते १८ झाले, जानेवारी २०१२ मध्ये एकदम २७, २०२० मध्ये २८ आणि २०२२ मध्ये ३३. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना हा भूगोल सांगण्याचे कारण एवढेच की, सरकारी सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने करून घ्यावे हे मला याच आकड्यांनी शिकविले.

२०११ साली रायपुरातील एका कार्यालयासाठी संगणक-प्रणाली करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. आम्ही रीतसर मार्ग धरला. आधी सर्व गरजांचा दस्तऐवज, मग निविदा, मग आराखडा, मग प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग आणि शेवटी चाचणी. एका टप्प्यावर सही झाल्याखेरीज पुढचा टप्पा नाही. या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात. धबधब्याचे पाणी पुन्हा वर चढत नाही हे नावातच आले. दस्तऐवजाच्या प्रत्येक पानावर माझी सही होती आणि त्यात जिल्हे १८ होते. प्रणाली हाती आली तेव्हा ते २७ झालेले. कंत्राटदार म्हणाला, हा बदल करारात नाही, वेगळे पैसे पडतील. वित्त शाखेने विचारले, याची पूर्वकल्पना का आली नाही? नस्ती सात महिने फिरली. तोवर नव्या जिल्ह्यांतील कारकून जुन्या जिल्ह्याच्या नावाने नोंदी करीत आणि खरा हिशेब वहीत ठेवीत. कंत्राटदाराला मी दोष देत नाही. मी ज्यावर सही केली तेच त्याने दिले.

गंमत अशी की, विन्स्टन रॉईस यांच्या १९७० च्या ज्या लेखाला या पद्धतीचे मूळ मानतात, त्यातच त्यांनी असा सरळसोट क्रम धोक्याचा असल्याचे बजावले होते आणि नवी प्रणाली आधी कच्ची, मग पक्की अशी दोनदा करावी असे सुचविले होते. लोकांनी आकृती उचलली. पुढची पाने फारशी वाचली नसावीत. आमच्या परिपत्रकांचेही असेच होते.

याच शहरात त्याआधी चार वर्षे वेगळे काही घडून गेले होते. २००७-०८ च्या खरीप हंगामात धानखरेदीचे (कोकणात ज्याला भात म्हणतात आणि भंडारा-गोंदियात धान) संगणकीकरण झाले. काम राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एन.आय.सी.च्या येथील शाखेने केले. सुमारे दीड हजार खरेदी केंद्रे, त्यातील अनेक ठिकाणी इंटरनेट नाही. म्हणून नोंद आधी समितीच्या संगणकावर आणि मागाहून मध्यवर्ती ठिकाणी, अशी सोय करावी लागली. येथे तारीख ठरविणारा कोणी सचिव नव्हता. पीक कापले की शेतकरी धान घेऊन दारात उभा राहणारच. तारीख हलणार नसेल तर कामाची व्याप्ती हलली पाहिजे, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. शिवाय काम करणारे सरकारचेच होते. प्रत्येक बदलासाठी करार उघडावा लागत नव्हता.

आणि बदल तर होतच राहतात. २०२३-२४ च्या हंगामात एकरी २० क्विंटल या मर्यादेने खरेदी सुरू झाली. डिसेंबरात सरकार बदलले आणि हंगाम चालू असतानाच मर्यादा २१ क्विंटल झाली. ज्याने आपले २० क्विंटल आधीच विकले होते, त्याच्या एकविसाव्या क्विंटलला प्रणालीत जागा हवी होती, तीही त्याच हंगामात. सात महिन्यांच्या नस्तीने त्याचे काय भले झाले असते?

थोडे थोडे करून, वापरणाऱ्याला दाखवून, सुधारत जाण्याच्या पद्धतीला अजाईल म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी तिचा जाहीरनामा लिहिला. आता प्रत्येक सादरीकरणात हा शब्द असतो, आणि येथेच मी थोडा थबकतो. रेशनकार्डावरून चुकून एखाद्या कुटुंबाचे नाव गळाले तर त्या घरात महिनाभर तांदूळ येत नाही. त्यांना “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू” असे सांगता येत नाही. अहवालाचा तक्ता चुकला तर अधिकाऱ्याची गैरसोय होते, ती होऊ द्यावी. पण नाव वगळणे आणि खात्यात पैसे भरणे या दोन गोष्टींसाठी मला तो जुना, जड, सही-शिक्क्यांचा मार्गच हवा. एकाच प्रणालीत दोन्ही पद्धती नांदू शकतात. २०१२ मध्ये कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची सोय आधी रायपूर शहरात करून मग पुढे नेली गेली, तीही अशीच मधली वाट होती.

खरी अडचण तंत्रज्ञांची नाही. जाडजूड दस्तऐवज आम्हाला प्रिय असतो, कारण तो बदलीनंतरही टिकतो. माझ्या त्या खुर्चीवर दोन वर्षांत तीन जण बसले. दर पंधरवड्याला निर्णय देणारा एकच माणूस कोठून आणणार? त्यात लेखापरीक्षकाला प्रत्येक बदल म्हणजे आधीची चूक वाटते. बदलाचे कारण त्याच दिवशी नस्तीवर लिहून ठेवले तर हे भय पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

सध्या माझ्या टेबलावर एका नव्या प्रणालीचा प्रस्ताव आहे. त्यातील ३३ जिल्ह्यांची यादी मी काढून टाकली आहे. तेथे लिहिले आहे की, जिल्हे व दर कार्यालयातील लिपिकाला स्वतः बदलता आले पाहिजेत आणि पहिली सहा महिने कंत्राटदाराची दोन माणसे खरेदी केंद्रावर बसली पाहिजेत. वित्त शाखेचा शेरा अद्याप यायचा आहे.