गर्भवतीचे प्रसाधन : किंमत कोण मोजते?

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. पंचक्रोशीतील कुटुंबे येतात आणि दर्शनाबरोबर खरेदीही उरकून घेतात. भांडी, मसाले, पाळणे यांच्या शेजारीच बांगड्या, कुंकू, काजळ आणि चेहऱ्याला लावावयाची मलमे यांची दुकाने असतात. तेथे थोडा वेळ थांबून पाहणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. भांडे वाजवून घेणारी आणि मिरची हातावर चुरगाळून हुंगणारी चोखंदळ गृहिणी गोरेपणाच्या मलमाची डबी मात्र केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विकत घेते. डबीत काय आहे हे तिला ठाऊक नसते आणि पुष्कळदा विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

ज्या बाजारात ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही, त्या बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हा सिद्धांत जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडला. त्या विचाराबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. जुनी मोटार निकामी निघाली तर नुकसान घेणाऱ्याचे होते. परंतु डबी घेणारी स्त्री गर्भवती असेल, तर त्या सौद्यात एक तिसरा जीव गुंतलेला असतो. त्याला कोणी विचारलेले नसते आणि किंमत मात्र त्यालाही मोजावी लागते. म्हणूनच हा विषय निव्वळ ‘बायकांचा’ समजून सोडून देता येत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. आपल्या शेजारच्या विदर्भातील अकोल्याच्या एकाच कुटुंबातील तीन स्त्रिया, म्हणजे आई व तिच्या दोन मुली, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. २०२३ च्या प्रारंभी ही हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा संशयाची सुई एका प्रसाधिकेकडून घेतलेल्या चेहऱ्याच्या मलमाकडे वळली. त्या मलमात पारा आढळला. केरळमधील डॉक्टरांनीही मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५ जणांत रोगाची एक विरळ खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले. त्वचेला रंग देणारे द्रव्य तयार होण्याची क्रिया पारा रोखतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. म्हणजे माल ‘गुणकारी’ आहे असा जो अनुभव ग्राहकाला येतो, तोच त्यातील विषाचा पुरावा असण्याचा संभव असतो.

गर्भवतीच्या बाबतीत हा धोका अधिक का, हेही पाहिले पाहिजे. गरोदरपणी संप्रेरकांच्या बदलांमुळे अनेक स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर वांग उठतो. उन्हात निंदणी-वेचणीला जाणाऱ्या स्त्रियांत तो अधिक गडद होतो. डोहाळजेवणाचा दिवस जवळ आलेला असतो, चार बायका पाहणार असतात, आणि ‘चेहरा काळवंडला’ हा शेरा घरातूनच ऐकू येतो. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी मलम लावले नाही, ती नेमकी याच महिन्यांत डबीकडे वळते. वस्तुतः हा वांग बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिकट होतो. त्यासाठी डोक्यावर पदर किंवा रुमाल, शक्य तेव्हा सावली आणि परवडत असल्यास झिंक ऑक्साइडचे ऊनरोधक मलम एवढे पुरे आहे.

पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या विषबाधेत ज्या मातांना फारसा त्रास जाणवला नव्हता, त्यांची मुले मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली. तेथील पारा सेंद्रिय स्वरूपाचा होता आणि मलमांतील पारा बहुधा असेंद्रिय असतो. दोहोंची सरसकट बरोबरी करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि आईची प्रकृती ठीक म्हणून बाळही सुखरूप, हा आपला भाबडा हिशेब मिनामाताने कायमचा खोटा ठरविला. शिवाय हे विष वापरणारीपुरते राहत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया व व्हर्जिनिया राज्यांतील २०१० च्या तपासात, ज्यांनी मलम कधी लावले नव्हते अशा घरातील इतर माणसांच्या आणि लहान मुलांच्या शरीरातही पारा आढळला होता. आणखी एक अडचण अशी की, अंगावरील सूज आणि लघवीतून जाणारी प्रथिने ही गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराचीही लक्षणे आहेत. मलमाची गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नाही, तर खरे कारण दृष्टीआड राहू शकते.

डबी औषधाच्या दुकानातून घेतली म्हणजे निर्धास्त झालो, असेही समजू नये. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांची मिश्रणे वांगावर सर्रास मागितली व दिली जातात. अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा निर्बंध केंद्र सरकारने २०१८ साली घातला. पण काउंटरवर चिठ्ठी विचारली जाते का, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे. हायड्रोक्विनोन त्वचेतून मोठ्या प्रमाणात शोषले जाते. ट्रेटिनॉइन ज्या वर्गातील आहे, त्याच वर्गातील आयसोट्रेटिनॉइनच्या मुरमांवरील गोळ्यांनी अर्भकात गंभीर व्यंगे निर्माण होतात, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. मलमातून शरीरात जाणारे प्रमाण अल्प असले, तरी गरोदरपणात ते टाळावे असाच वैद्यकीय सल्ला आहे.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचाही मोह आवरला पाहिजे. गर्भवतीने नटूच नये, तेलपाण्यापलीकडे काही लावू नये, असे बजावणारी मंडळी घरोघर असतात. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. पण वैद्यकशास्त्र एवढे कडक नाही, हे त्यालाही वाचनातून कळते. सौम्य साबण, खोबरेल, ग्लिसरीन, साधी पानांची मेंदी यांना आडकाठी नाही. मुरमांसाठी अॅझेलाइक अॅसिडसारखी सुरक्षित मानलेली औषधे डॉक्टर देऊ शकतात. केसांच्या रंगातून शरीरात फारच थोडे द्रव्य जाते. तरी पहिले तीन महिने थांबावे आणि मोकळ्या हवेत लावावे, एवढीच सूचना असते. झटपट काळी रंगणारी ‘मेंदी’ मात्र टाळावी, कारण तिच्यातील रासायनिक रंगाने त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. शिसे असलेला सुरमाही घरात नको. ते शिसे हातातोंडावाटे पोटात जाते आणि वार ओलांडते. पोटावरील व्रण घालविण्याचा दावा करणाऱ्या महागड्या तेलांनी अपाय होत नसला, तरी ते व्रण त्यांनी टळतात याला भक्कम आधार नाही. ते पैसे दुधा-फळांवर खर्चणे अधिक शहाणपणाचे. आणि शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना, अंगावर पुरळ नसताना, असह्य खाज सुटली, तर मलम शोधत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ते यकृताच्या विकाराचे चिन्ह असू शकते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत राहणाऱ्या पाऱ्यावर दहा लाख भागांत एक भाग एवढी मर्यादा घातली. भारताने २०१८ साली मान्यता दिलेल्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत, पारा मिसळलेल्या प्रसाधनांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत पूर्णपणे थांबविण्याचे ठरले. कागदावर काही उणे नाही. उणीव आहे ती यात्रेच्या दुकानापर्यंत पोहोचणाऱ्या निरीक्षकाची. अमळनेरकरांना कारखान्याचा माल काही नवा नाही. पुढे विप्रो म्हणून जगभर गेलेली कंपनी १९४५ साली येथेच वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झाली आणि साबणही करू लागली. कारखान्याच्या मालावर पत्ता असतो, आणि पत्ता असला की दाद मागता येते. बिनपत्त्याच्या डबीचा उत्पादक नफा घेऊन नाहीसा होतो. शे-दोनशे रुपयांच्या त्या डबीमागचा खरा खर्च मग कुटुंबाच्या, सरकारी रुग्णालयाच्या आणि जन्माला येणाऱ्या मुलाच्या माथी येतो. नफा एकाचा व तोटा तिऱ्हाइताचा, अशा व्यवहारात शासनाने हस्तक्षेप केलाच पाहिजे, याविषयी खुल्या बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्यांतही दुमत होणार नाही.

हा हस्तक्षेप फार खर्चिकही नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दरमहा ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या नोंदीबरोबर ‘चेहऱ्याला काय लावता?’ हा एकच प्रश्न विचारला जावा आणि पुढच्या खेपेला डबी घेऊन येण्यास सांगावे. आशाताईंना चार खुणा शिकविल्या तरी पुरे : घटकांची यादी नसणे, परवाना व पत्ता नसणे, कॅलोमेल किंवा मर्क्युरी असे शब्द असणे, आणि ‘सोन्याचांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना असणे. पारा सोन्याला खातो, हे जळगावच्या सराफ बाजारात कोणीही सांगेल. जे मलम मंगळसूत्राला चालत नाही ते गर्भवतीच्या गालाला कसे चालावे? अन्न व औषध प्रशासनाने यात्रांतील आणि प्रसाधनगृहांतील नमुने तपासून निष्कर्ष वृत्तपत्रांतून जाहीर करावेत. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठी मागावी.

उरला प्रश्न मागणीचा; तो सरकारकडे ढकलता येणार नाही. मूल गोरे व्हावे म्हणून गर्भवतीला केशराचे दूध देणारी घरे आजही आहेत. वर्ण हा आईबापांकडून येतो, केशरातून येत नाही, हे शाळेत शिकविणारा शिक्षकही घरी गप्प बसतो. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गेला. आपल्या स्थळे पाहण्याच्या बोलण्यातून तो अद्याप गेलेला नाही. ज्या नदीपात्रात आपण सावळ्या विठोबाचा गजर करतो, त्याच पात्रात सुनेसाठी गोरेपणाची डबी घेतो, ही विसंगती आपल्याला कधी खटकत नाही. गरोदर लेक माहेरी येते तेव्हा ‘किती काळवंडलीस’ असे म्हणण्याऐवजी तिचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन किती, हे घरच्यांनी विचारावे. मागणी अशा घरगुती बोलण्यातूनच निर्माण होते; कमी व्हायची असेल तर ती तेथूनच व्हावी लागेल.