कोपर नावाची नदी

कॅनडाच्या पश्चिम भागाचा नकाशा उघडला की नजर फ्रेझर, मॅकेन्झी अशा मोठ्या नद्यांवर जाते. पाठ्यपुस्तकांनाही त्याच आवडतात. आज आपण जेमतेम १२० किलोमीटरच्या एका उपनदीकडे पाहू. नाव एल्बो, म्हणजे कोपर. तिथल्या मूळच्या ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतले मोहकिन्स्त्सिस हे नावही कोपर याच अर्थाचे.

रॉकी पर्वतातल्या एल्बो नावाच्याच तळ्यातून ती निघते. ब्रॅग क्रीक गावावरून, त्सूटिना लोकांच्या राखीव जमिनीतून कॅलगरी शहरात शिरते आणि बो नदीला मिळते. या संगमावर १८७५ मध्ये पोलिसांनी किल्ला बांधला, त्याभोवती शहर वाढले. पुढे तेच पाणी सॅस्कॅचेवान नदीतून विनिपेग सरोवरात आणि तिथून हडसनच्या उपसागरात जाते.

आपल्याकडे पुराची धास्ती जुलै-ऑगस्टमध्ये, तिथे जूनमध्ये. डोंगरावर बर्फ वितळत असतो आणि त्याच वेळी मोठा पाऊस आला की नदीला आवरणे कठीण. २०१३ च्या जूनमध्ये हेच घडले. दक्षिण अल्बर्टात सुमारे एक लाख लोकांना घरे सोडावी लागली. कॅलगरीच्या सॅडलडोम स्टेडियममध्ये खुर्च्यांच्या कित्येक रांगा पाण्याखाली गेल्या.

पण खरी अडचण वेगळीच आहे. याच नदीवरच्या ग्लेनमोर धरणातून कॅलगरीच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी मिळते. पिण्यासाठी धरण भरलेले हवे, पुरासाठी रिकामे! एकाच भांड्याकडून दोन्ही कामे कशी व्हावीत? वर्गात हा प्रश्न टाकला की आमची मुले एका दमात सांगतात, दुसरे भांडे आणा. तिथल्या सरकारनेही शेवटी तेच केले. शहराच्या पश्चिमेला स्प्रिंगबँक येथे नदीपात्राच्या बाहेर जलाशय बांधला. त्यात सुमारे ७ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच टीएमसी पाणी मावते. एरवी तो कोरडाच असतो. पूर आला की कालव्याने पाणी तिकडे वळवायचे, ओसरला की हळूहळू नदीत सोडायचे.

ज्यांच्या गुराढोरांच्या कुरणांवर हे उभे राहिले, त्या जमीनमालकांनी बरीच वर्षे विरोध केला. शहर वाचवायला आमचीच जमीन का, हा त्यांचा सवाल होता, आणि तो आम्हाला मुळीच किरकोळ वाटत नाही.