नकाशा दिल्लीत, अफवा चावडीवर : इको-सेन्सिटिव्ह गावांची हद्द मोबाईलवर कधी दिसणार?

सह्याद्रीतल्या गावांमध्ये एक प्रश्न गेली दहा-बारा वर्षं पुन्हा पुन्हा विचारला जातो. "आपलं गाव इको-सेन्सिटिव्हमध्ये आलंय म्हणे, मग आता घर बांधता येणार की नाही?" उत्तर कोणी ठामपणे देत नाही. तलाठी म्हणतात वरून माहिती आलेली नाही, ग्रामपंचायतीत यादी नसते आणि व्हॉट्सॲपवर मात्र रोज नवा मेसेज फिरतो.

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे ईएसएचा, सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी काढला. त्याच्या आदल्याच दिवशी केरळातल्या वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली होती. मसुद्यात सहा राज्यांतलं मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास तीस टक्के. राज्यातली दोन हजारांहून अधिक गावं यात येतात. हरकत घ्यायला मुदत मिळाली ६० दिवसांची.

पण हरकत घ्यायची तर आधी कळायला हवं की गावाचा कुठला भाग कशामुळे यादीत आला. राजपत्र हिंदी-इंग्रजीत, गावांची यादी लांबलचक, आणि सोबतचा नकाशा एवढ्या लहान मापाचा की त्यात तालुका शोधायलाही भिंग लागावं. साठ दिवसांत पावसाळ्याची शेतीकामं, गणपती आणि मग दिल्लीला ईमेल. किती गावांना हे जमलं असेल, याचा अंदाज कोणीही बांधू शकतो.

तीन नकाशे, तीन मापं

मुळात हा सगळा वाद नकाशाच्या मापाचा आहे.

ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्या समितीने सगळ्या पश्चिम घाटावर चौकटींची जाळी टाकली. एक चौकट साधारण ९ किलोमीटर लांब, ९ किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकटीला जंगल किती, उंची किती, उतार किती, दुर्मीळ वनस्पती-प्राणी किती यावरून गुण दिले आणि संवेदनशीलतेचे तीन स्तर पाडले. आता ९ गुणिले ९ म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, जवळपास २० हजार एकर. एका चौकटीत डोंगर, देवराई, भातखाचरं, बाजारपेठ आणि एसटी स्टँड सगळं येऊ शकतं. म्हणूनच समितीने स्वतः सांगितलं होतं की ही हद्द तात्पुरती आहे. पक्की हद्द ओढे-नाल्यांची पाणलोटं आणि गावशिवार बघून, ग्रामसभांना विचारून ठरवावी.

तो ५२२ पानांचा अहवाल इंग्रजीत होता आणि कित्येक महिने सरकारने बाहेरच येऊ दिला नाही. माहिती अधिकाराची लढाई केंद्रीय माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोवर "गाडगीळ आले की गाव उठणार" ही हवा कोकणात आणि घाटावर पसरून झाली होती.

मग शास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला. एप्रिल २०१३ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यांनी उपग्रहाची चित्रं वापरली. या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण २४ मीटर बाय २४ मीटर, म्हणजे पावणेसहा गुंठ्यांच्या आसपास. जंगलासारखा दिसणारा भाग 'नैसर्गिक', शेती-वस्तीचा भाग 'सांस्कृतिक' अशी त्यांनी विभागणी केली. पण शेवटी हिशेब गावावर आला. ज्या महसुली गावाचा २० टक्के किंवा त्याहून जास्त भाग संवेदनशील निघाला, ते अख्खं गाव यादीत.

गोंधळ इथेच वाढतो. ठिपका पावणेसहा गुंठ्यांचा, निर्णय मात्र पूर्ण गावाचा. गावाचा पाचवा हिस्सा डोंगर असेल तर खालच्या सड्यावरची चिरेखाणही बंदीत येते. शिवाय उपग्रहाला वरून हिरवं दिसतं. ती जुनी आंबा-काजूची बाग की दाट रान, हे दरवेळी अचूक ओळखता येतंच असं नाही. "माझी कलमं सरकारला जंगल वाटली" ही बागायतदाराची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तिसरा नकाशा तलाठ्याकडचा, गट नंबरचा. शेतकऱ्याला कळतो तो हाच. पहिले दोन नकाशे या तिसऱ्या नकाशावर आणून ठेवण्याचं काम कुठल्याही मसुद्यासोबत झालं नाही. सगळी खदखद या फटीत आहे.

बंदी नेमकी कशावर?

अफवा आणि मसुदा यांत मोठं अंतर आहे. मसुद्यात पूर्ण बंदी आहे ती खाणकाम, दगडखाण आणि वाळू उपशावर. नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि जास्त प्रदूषण करणारे, म्हणजे 'लाल' वर्गातले नवे उद्योग यांनाही बंदी आहे. बांधकामात २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या नव्या प्रकल्पांना मनाई आहे. म्हणजे दोन लाख पंधरा हजार चौरस फुटांच्या वरचं काम. गावातलं घर, गोठा, पडवी यात बसत नाही. राहत्या घराची दुरुस्ती आणि वाढ नियमांनुसार करता येते. शेतीवर बंदी नाही.

म्हणजे सगळ्यांचंच भलं, असंही नाही. चिरेखाणीवर, खडी क्रशरवर, ट्रक-डंपरवर पोट असलेल्या कुटुंबांना याचा थेट फटका आहे. त्यांना पर्याय काय, यावर मसुदा फारसं बोलत नाही. राज्य सरकारनेही काही गावं वगळावीत म्हणून केंद्राकडे मागणी लावून धरली. दुसरीकडे सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी गाडगीळ समितीच्या काळात स्वतःहून ठराव केले होते की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. खाणीमुळे पाण्याचे झरे आणि बागा जातील ही त्यांची भीती होती. म्हणजे गावं सरसकट विरोधात आहेत हेही खरं नाही. ज्या गावाला नफा-तोटा समजला, त्याने आपला निर्णय घेतला.

केरळने काय केलं?

नकाशा लोकांसमोर ठेवला की काय होतं, याचे दोन धडे केरळात मिळतात.

पहिला २०१३-१४ चा. कस्तुरीरंगन अहवालात केरळचं १३,१०८ चौरस किलोमीटर क्षेत्र होतं. राज्याने प्राध्यापक उम्मन व्ही. उम्मन यांची समिती नेमली, पंचायत पातळीवर पडताळणी केली, गावनकाशावर वस्ती-मळे वेगळे दाखवले आणि क्षेत्र ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आणलं. केंद्राने तो आकडा मसुद्यात घेतला. त्यातून संरक्षण सैल झालं अशी टीकाही झाली आणि ती रास्त आहे. पण जमिनीवरचा पुरावा घेऊन गेलं तर दिल्लीतली रेघ हलते, एवढं त्यातून सिद्ध झालं.

दुसरा धडा २०२२ चा. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये अभयारण्यांभोवती एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा ठेवायला सांगितलं. केरळ सरकारने उपग्रहावरून त्या पट्ट्यातली बांधकामं मोजली. सुमारे ४९ हजार निघाली. डिसेंबरमध्ये अहवाल आणि नकाशे वेबसाईटवर टाकले आणि गावागावांत भडका उडाला. झाडांखाली झाकलेली घरं मोजणीत आलीच नव्हती. लोकांनी आपल्या घराचे फोटो आणि ठिकाण पाठवायला सुरुवात केली, पंचायतींत मदत कक्ष उघडले, स्वयंसेवक मोबाईल घेऊन घरोघर गेले. बांधकामांचा आकडा पुष्कळ वाढला. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानेही आपला आदेश सौम्य केला.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नकाशा चुकीचा होता म्हणून तो लपवायला हवा होता का? उलट तो समोर आला म्हणून चूक सापडली. फक्त तो आधी पंचायतीत आणि मग वेबसाईटवर यायला हवा होता.

नकाशा नसण्याची किंमत

आपल्याकडे हा विषय कागदी राहत नाही. माळीण, ३० जुलै २०१४ : दीडशेहून अधिक मृत्यू. तळिये, २२ जुलै २०२१ : ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र : २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोधकार्य थांबवावं लागलं. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादी गावांची होते, दरड वाडीवर पडते. उतार, पाऊस, माती आणि वस्ती हे चार थर एकावर एक ठेवून वाडीच्या मापात पाहिले तर धोक्याची जागा आधी ओळखण्याची शक्यता वाढते. संवर्धनाचा नकाशा म्हणजे फक्त फुलपाखरं आणि बेडूक, हा समज म्हणूनच सोडायला हवा. जंगल टिकावं म्हणून जो उतार रंगवला जातो, बऱ्याचदा तोच उतार माणसांच्या जिवाचाही असतो.

मोबाईलवर आज काय पाहता येतं?

साधनं नाहीत असं नाही. इस्रोचं 'भुवन' पोर्टल २००९ पासून चालू आहे. त्यावर उपग्रह चित्रं आणि जमीन-वापराचे थर दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश'वर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे आहेत. राज्याच्या 'महाभूनकाशा'वर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबरचा नकाशा मिळतो, निदान ज्या गावांचे नकाशे चढवलेत त्यांचा. गूगल अर्थवर १९८४ पासून आपल्या भागातलं रान कसं आटलं किंवा वाढलं, हे वर्षावर्षाने पाहता येतं.

अडचण अशी की ही दुकानं वेगवेगळ्या गल्लीत आहेत. भूकोशचा दरडींचा नकाशा १:५०,००० मापाचा. त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर. त्यावरून "माझं घर सुरक्षित" किंवा "माझं घर धोक्यात" असा निकाल लावणं चूक ठरेल. तो इशारा म्हणून वाचायचा, मग भूवैज्ञानिकाला जागेवर बोलवायचं. बरीचशी पोर्टलं इंग्रजीत, कम्प्युटरसाठी बनवलेली आणि टू-जीवर गरगर फिरत बसणारी.

कामाचं साधन कसं असावं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मराठीत गावाचं नाव टाकलं की शिवार उघडावं. वर ईएसएचा थर दिसावा, त्याखाली गट नंबर. ज्या तुकड्यावर बोट ठेवू तिथे कारण लिहिलेलं असावं : जंगल म्हणून, उतार म्हणून की नुसतं गाव यादीत आहे म्हणून. आणि शेजारी एक बटण : "हे चूक आहे, हा घ्या फोटो."

भाषेचा मुद्दा न्यायालयाने पूर्वीच मान्य केलाय. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्यावेळी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्यायला सांगितलं होतं. एका मसुद्याला जे लागू, ते ज्यात गावांची नावं छापली आहेत त्या मसुद्याला का नको?

एक धोकाही आहे. सगळंच उघड्यावर मांडलं तर त्याचा फायदा चुकीची माणसंही घेतात. दुर्मीळ औषधी वनस्पती, खवले मांजराची बिळं, गिधाडांची घरटी यांची नेमकी जागा इंटरनेटवर टाकणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. हद्द आणि कारण उघड असावं, बिळाचा पत्ता नसावा.

ग्रामसभा काय करू शकते?

सरकारी ॲपची वाट बघत बसण्याची गरज नाही. तीन कामं गावपातळीवर होण्यासारखी आहेत.

एक, माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या गावाच्या ईएसए हद्दीची केएमएल फाईल मागावी. ही फाईल व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि गूगल अर्थमध्ये उघडली की रेघ थेट आपल्या शिवारावर दिसते.

दोन, जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. अनेक ठिकाणी ती कपाटात पडून आहे. देवराया, झरे, जुनी झाडं, बागा, चिरेखाणी, भेगा पडलेले उतार यांच्या नोंदी मोबाईलच्या जीपीएससह त्यात घालाव्यात. शाळेतली नववी-दहावीची मुलं हे काम दोन रविवारांत करतील.

तीन, या नोंदी ग्रामसभेच्या ठरावाला जोडाव्यात. "आमचा विरोध आहे" या एका ओळीला दिल्लीत वजन नसतं. "गट क्रमांक अमुक ही चाळीस वर्षांची काजूबाग आहे, जंगल नाही, पण वरचा उतार आणि झरा मात्र राखलाच पाहिजे" असा नकाशासह ठराव बाजूला सारणं अवघड जातं.

दहा वर्षांत सहा मसुदे निघाले. पुढच्या वेळी साठ दिवसांचं घड्याळ सुरू होईल तेव्हा ज्या गावाचा नकाशा तयार असेल, त्याच गावाला नेमकं काय हवं आणि काय नको ते पुराव्यानिशी सांगता येईल.